मिरचीत गेला की दोन बेस

"कशानं लागलं?" माझा अंगठा उलटसुलट करून बघत डॉक्टरांनी विचारलं.

"सॉफ्टबॉलनं."

डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत म्हणाले, "सॉफ्ट ना? मग एवढा सुजला कसा?"

बाकावर बसलेल्या तीन पेशंटांनी माना पुढे काढल्या. नंदुरबारात माणूस दवाखान्यात येतो तो मोटारसायकलवरून पडून, विंचू चावून, नाहीतर लग्नाच्या पंगतीत आग्रहाला बळी पडून. सॉफ्टबॉलनं जखमी झालेला गृहस्थ प्रत्यक्ष बघायला मिळतोय म्हटल्यावर तिघांनी आपापली दुखणी तात्पुरती बाजूला ठेवली.

या सगळ्याची सुरुवात चिंचेच्या झाडापासून झाली. आमची कन्या आठवीत. शाळेच्या मागे चिंचेचं झाड आहे आणि त्याला दगड मारायला सक्त मनाई आहे, त्यामुळे मुलं फक्त मधल्या सुट्टीत मारतात. एके दिवशी मैत्रिणीनं बोट करून दाखवलेली नेमकी तीच चिंच हिनं एका दगडात पाडली, आणि त्याच वेळी क्रीडाशिक्षक तिथं उगवले. शिट्टी फुंकत आले, वर बघितलं, खाली बघितलं आणि म्हणाले, "परत मार बघू." हिनं परत मारला. दुसरी चिंच खाली. सरांनी शिट्टी खिशात टाकली आणि पेन काढून नाव लिहून घेतलं. चौदा वर्षांखालच्या मुलींच्या सॉफ्टबॉल संघात आठ जणी जमल्या होत्या. नववी चिंचेखाली सापडली.

संध्याकाळी तिनं घरात जाहीर केलं, "पप्पा, माझं सॉफ्टबॉलमध्ये सिलेक्शन झालं."

खेळ या विषयावर आमच्या घरात अधिकारवाणीनं बोलणारा माणूस एकच. गेली तीस वर्षं मी कॉटवर पडल्या पडल्या भारतीय क्रिकेट संघाला मार्गदर्शन करत आलो आहे. मी लगेच खुलासा केला, की बेसबॉल म्हणजे अमेरिकेतल्या लोकांना क्रिकेट नीट न समजल्यामुळे झालेला घोटाळा, आणि सॉफ्टबॉल म्हणजे त्यातला मऊ घोटाळा. "टाक चेंडू, झेलून दाखवतो."

"पप्पा, ग्लोव्ह घाला."

"गल्लीत आम्ही सीझनचा बॉल नुसत्या हातानं झेलायचो."

तिनं टाकला. पुढचं डॉक्टरांना माहीत आहे.

नंतर अंगठा उंच धरून मी या चेंडूची कुंडली काढली. परीघ १२ इंच, वजन १८० ते २०० ग्रॅमच्या दरम्यान. क्रिकेटचा चेंडू जेमतेम १६० भरतो. मग याला सॉफ्ट म्हणण्याचा चावटपणा कुणी केला? तर १८८७ साली शिकागोतल्या एका बोट क्लबात काही मंडळी थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत फुटबॉलच्या निकालाची वाट बघत बसली होती. वेळ जाईना म्हणून एकानं बॉक्सिंगचा ग्लोव्ह दुसऱ्यावर फेकला, दुसऱ्यानं काठीनं तो टोलवला. जॉर्ज हॅनकॉक नावाच्या सभासदानं लगेच ग्लोव्ह दोरीनं आवळून त्याचा चेंडू केला, झाडूच्या दांड्याची बॅट केली आणि हॉलमध्येच डाव मांडला. म्हणजे चेंडू मुळात खरोखर मऊ होता. पुढे तो कडक होत गेला. ज्यांनी शांताराम नावाची माणसं भांडताना बघितली आहेत, त्यांना यात काही नवल वाटणार नाही.

रिकामटेकडेपणातून निघालेला खेळ आहे हे कळल्यावर मला त्याच्याबद्दल जरा आपुलकी वाटू लागली.

मग सामान. आमच्याकडे खेळाच्या दुकानात क्रिकेटच्या बॅटी मिळतात, कॅरमची पावडर मिळते आणि भिंतभर कप मिळतात. कप इतके, की जिल्ह्यात खेळ कमी आणि बक्षीससमारंभ जास्त होतात असं वाटावं. मी विचारलं, "ती बेसबॉलची असते तशी बॅट आहे का?"

"आहे ना. कोणत्या गाडीसाठी?"

"गाडीसाठी?"

"जीप असेल तर मोठी घ्या. कारच्या सीटखाली बारकी बसते."

"अहो, मुलीला खेळायला हवी आहे."

दुकानदारानं हातातला चहा खाली ठेवला. आत वळून हाक मारली, "अरे, हे भाऊ खेळायला बॅट मागून राहिले!" आतून नोकर, नोकराच्या मागून दुकानदाराचे वडील, असे सगळे मला बघायला बाहेर आले.

ग्लोव्हचा प्रश्न त्याहून अवघड होता. या खेळात ग्लोव्ह ज्या हातानं फेकायचं नाही त्या हातात घालतात. आमची कन्या डावखुरी, म्हणजे हिला उजव्या हाताचा ग्लोव्ह हवा. दुकानातले सगळे डाव्या हाताचे. "मेरठहून मागवावा लागेल," दुकानदार म्हणाले.

"तोवर काय करायचं?"

"तोवर तिला उजव्या हातानं फेकायला शिकवा."

बॅट घेऊन मोटारसायकलला आडवी बांधली आणि घरी निघालो. वाटेत नाकाबंदी होती. हवालदारांनी बॅटीवर काठी वाजवून विचारलं, "हे काय?"

"सॉफ्टबॉलची बॅट. मुलीचं शालेय साहित्य आहे."

"बॉल कुठंय?"

"बॉल शाळेत."

"बॅट आहे आणि बॉल नाही," हवालदार जोडीदाराला म्हणाले. दोघांनी एकमेकांकडे अर्थपूर्ण बघितलं. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही तोच अर्थ दिसला असता. शेवटी सरांना फोन लावून दिला. सरांनी फोनवरूनच खेळाचे नियम समजावायला सुरुवात केली, तेव्हा कंटाळून त्यांनी मला सोडलं. त्या दिवसापासून मी डिकीत एक चेंडू ठेवतो.

आता कागदपत्रं. खेळ मुलं खेळतात, पण स्पर्धा कागदांची असते. जन्माचा दाखला, बोनाफाईड, पहिलीच्या प्रवेशाचा उतारा, आधार कार्ड, आणि ओळखपत्रावर फोटो, ज्याच्यावर मुख्याध्यापकांचा शिक्का अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर असा पडला पाहिजे. आमच्या फोटोवर शिक्का पूर्ण पडला. नाक, डोळे, ओठ सगळं शिक्क्याखाली. राहिल्या फक्त दोन वेण्या. "वेण्यांवरून ओळखतील," असा मला धीर देण्यात आला.

आधारची तर निराळीच कथा. देशातलं पहिलं आधार कार्ड आमच्याच जिल्ह्यात, टेंभलीला, २०१० च्या सप्टेंबरात दिलं गेलं. खुद्द पंतप्रधान आले होते. म्हणजे आधारच्या बाबतीत आम्ही नंदुरबारकर सगळ्या देशाच्या आधीचे, त्यामुळे नावातल्या चुकाही आमच्याकडे जुन्या आणि मुरलेल्या. शाळेत कन्येचं नाव एक, जन्मदाखल्यात त्याच नावाला एक काना जास्त, आणि आधारवर माझं नाव तिच्या जागी. दुरुस्तीच्या रांगेत पुढच्या गृहस्थांनी विचारलं, "कशासाठी? शिष्यवृत्ती?" मी म्हणालो, "सॉफ्टबॉल." त्यांनी सहानुभूतीनं मला त्यांच्या पुढे घेतलं. हा काहीतरी आजार असावा असा त्यांचा समज झाला असावा, आणि मी तो दूर केला नाही.

घरात हा खेळ सगळ्यात आधी कुणाला कळला असेल तर माझ्या आईला. आई पंचाहत्तरीची, बोलणं अस्सल अहिराणी. नातीनं पाटावर खडूनं चौकोन काढून समजावलं: आजी, ही होम प्लेट, म्हणजे घर. इथून चेंडू मारायचा, पहिल्या बेसला जायचं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या आणि परत घरी. घरी आलं की एक रन.

आईनं चौकोनाकडे बघितलं. "घरतून निंघनी, तीन ठेसनं फिरनी आनि घरच उनी? मंग गयीच कशाले व माय?"

या प्रश्नाला शिकागोच्या बोट क्लबातही उत्तर नसावं. पण ठेसन हा शब्द नातीनं बरोब्बर उचलला. आईचं माहेर नवापूरकडचं. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे. तिकिटाची खिडकी इकडे, स्टेशनमास्तर तिकडे, आणि मधल्या बाकावरून हद्दीची रेघ जाते. एकाच बाकावर नवरा महाराष्ट्रात आणि बायको गुजरातमध्ये बसू शकते. नात म्हणाली, "आजी, समज तू त्या बाकापाशी उभी आहेस. तुझा एक पाय आपल्या महाराष्ट्रात टेकलेला आहे आणि बाकी सगळी तू गुजरातमध्ये वाकलेली. तर तू सेफ. पाय उचललास आणि तिकडच्या पोलिसानं चेंडू लावला, की आऊट."

"म्हंजे पाय टेकेल पाहिजे," आई म्हणाली.

"बस. एवढंच."

मला हे कळायला दोन महिने गेले. त्या दोन महिन्यांत मी मैदानाच्या कडेला उभा राहून इतर पालकांना खेळ समजावून सांगत होतो.

मैदान गावाबाहेर. दिवाळी झाली की नंदुरबारच्या भोवती मिरचीच्या पथारी पडतात. बाजार समितीत ओली लाल मिरची येते, व्यापारी ती घेतात आणि उघड्या रानात एकरच्या एकर पसरून वाळवतात. लांबून बघावं तर जमिनीवर कुणी लाल गालिचा अंथरल्यासारखं दिसतं. जवळून बघता येत नाही, कारण डोळ्यांत पाणी असतं. आमच्या मैदानाच्या डाव्या बाजूची कड संपते तिथं अशीच एक पथारी सुरू होते. पहिल्याच आठवड्यात एका मुलीनं टोलवलेला चेंडू टप्पा खाऊन मिरचीत गेला. त्याच्यामागे धावलेली मुलगी मिरचीत शिरली आणि तिथंच खाली बसून शिंकायला लागली. तिला आणायला दुसरी गेली. मग तिसरी. मारणारी मुलगी मात्र बेसला वळसे घालत राहिली, आणि दुसऱ्यांदा घरी येऊन पोचली तेव्हा सरांनी शिट्टी मारून नियम जाहीर केला: मिरचीत गेला की दोन बेस.

लोक हसले, पण सर चुकले नव्हते. अस्सल नियमातही टप्पा पडून कुंपणाबाहेर गेलेल्या चेंडूला दोनच बेस मिळतात. सरांनी कुंपणाच्या जागी मिरची घातली, इतकंच.

आता पालकांबद्दल. आम्ही आठ-दहा जण रोज संध्याकाळी जमायचो आणि सगळे एकदम बोलायचो. एक काका ठेकेदार, त्यांना प्रत्येक मुलीचा उभं राहण्याचा कोन खटकायचा. एका ताईंना आपल्या मुलीला कॅचर केलं याचं वाईट वाटायचं, कारण तिला उन्हात मुखवटा घालून उकिडवं बसवतात आणि बाकीच्यांना उभं राहायला मिळतं. एकांचं म्हणणं अंपायरला काही कळत नाही. माझं म्हणणं कुणालाच काही कळत नाही.

सर गरीब स्वभावाचे दिसतात, पण आतून मुत्सद्दी. त्यांनी एका शनिवारी पालकांना बोलावून चहा पाजला आणि म्हणाले, तुमच्यासारखी जाणकार माणसं नुसती कडेला उभी राहतात हे संघाचं नुकसान आहे. मग पदं वाटली. कोन बघणाऱ्या काकांना चुन्याची भुकटी देऊन रेघा मारायला बसवलं. साठ फूट, साठ फूट, साठ फूट आणि परत साठ. त्यांचा चौकोन पहिले तीन दिवस बंदच होईना. ताईंकडे प्रथमोपचार पेटी आली. अंपायरला कळत नाही म्हणणाऱ्यांना सरांनी अंपायरच केलं.

ते तिसऱ्या डावात राजीनामा देऊन परत आले. कारण इनफिल्ड फ्लाय नावाचा नियम. पहिले दोन बेस भरलेले आणि दोन आऊट झालेले नसताना आतल्या आत सोपा उंच झेल उडाला, तर तो पकडला काय आणि सुटला काय, मारणारी आऊट. "सुटला तरी आऊट?" ते घसा खाकरत मला म्हणाले, "मग पकडायचा कशाला? आणि सुटल्यावर आऊट दिलं म्हणून त्या पोरीची आई मला विचारते, की तुम्ही कोणत्या शाळेचे?"

मला सरांनी चेंडूप्रमुख केलं. पद मोठं वाटलं. शाळेच्या डेड स्टॉक रजिस्टरवर माझी सही घेतली: चेंडू सहा, पिवळे, लाल शिवण. मग हळूच म्हणाले, "भाऊ, काम काही विशेष नाही. मिरचीत गेला की आणायचा." पथारीचा मालक भला माणूस. तो एवढंच म्हणाला, "चपला काढून या." वाळत्या मिरचीत अनवाणी कुणी चालून बघितलं असेल तर त्याला मी वेगळं सांगायला नको. कुणी चाललं नसेल तर चालू नये.

माझा आतेभाऊ अमेरिकेत असतो. त्याचा मुलगा तिकडे लिटल लीगमध्ये खेळतो. ही लिटल लीग १९३९ साली कार्ल स्टॉट्झ नावाच्या माणसानं पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्ट गावी सुरू केली, आणि तिथं सगळा कारभार आईबापच बघतात. कोच कुणाचा तरी बाप, अंपायर कुणाचा तरी काका, संत्र्याच्या फोडी कुणी आणायच्या याचं आठवड्याचं वेळापत्रक. आतेभाऊ व्हिडिओ कॉलवर घडीच्या खुर्चीत बसलेला दिसला. खुर्चीच्या हाताला पेला ठेवायला भोक. मागे हिरवंगार गवत.

"तुमच्याकडे लीग आहे का रे?" त्यानं विचारलं.

"आहे ना," मी म्हणालो आणि फोन फिरवला. पडद्यावर लाल पथारी, शिंकणाऱ्या मुली आणि रेघ मारताना चौकोनाचा पंचकोन करून बसलेले काका.

"हे काय, रेड कार्पेट?" तो म्हणाला. मी हो म्हणालो.

"आणि तुझ्याकडे काय काम?"

"माझ्याकडे चेंडू खातं आहे."

तो गप्प झाला. मग म्हणाला, त्याला तिकडे चार वर्षं झाली तरी फक्त पॉपकॉर्न विकायला देतात. तेव्हा जगाच्या दोन्ही टोकांना क्रीडाशिक्षकांची युक्ती एकच असावी.

जिल्हास्पर्धा शहाद्याला. क्रुझर केली. गाडीत नऊ-दहा माणसं मावतात असं कंपनी म्हणते. कंपनीनं आमच्या आया बघितलेल्या नाहीत. संघ, राखीव खेळाडू, सर, तीन पालक, आणि ऐन वेळी पदर खोचून चढलेली माझी आई. "नात खेळी ऱ्हायनी आनि मी घर बसू?" तिला खिडकी मिळाली. बॅटी टपावर गेल्या आणि मी मधल्या फटीत. प्रकाशाला तापीच्या पुलावरून जाताना, दक्षिण काशी म्हणून सगळ्यांनी हात जोडले. मी जोडले नाहीत, कारण माझे हात कुणाच्या तरी डब्याखाली होते.

डबे! इतर कुणी काही आणणार नाही असं प्रत्येक आईनं गृहीत धरलं होतं. दशम्या पाच घरांतून आल्या, ठेचा सात घरांतून. पुऱ्या, शेव, लाडू, भाजलेले शेंगदाणे आणि आईची कळण्याची भाकरी. मैदानावर उतरल्यावर सर म्हणाले, "खेळाच्या आधी हलकं खा." मुलींनी सगळ्या घरांतलं हलकं हलकं खाल्लं.

आमच्या गटात संघ तीनच. चिठ्ठ्या उडाल्या आणि आम्हाला पुढे चाल मिळाली. म्हणजे एकही चेंडू न खेळता आम्ही थेट अंतिम फेरीत. मी घरी फोन करून कळवलं, "फायनलला पोचलो. अजून एकदाही हरलो नाही." यात खोटं काही नव्हतं.

अंतिम सामना सुरू झाला. पहिल्याच डावात आमच्या एका मुलीनं चेंडू सुरेख मागे वळवला, अगदी पायाजवळून. "चौकार!" म्हणून मी टाळ्या पिटल्या. अंपायर म्हणाले, "फाऊल." दुसरीनं मारला आणि बॅट हातात धरूनच धावली, पहिल्या बेसला पोचून तिनं क्रिकेटसारखी बॅट टेकवली आणि विजयी मुद्रेनं मागे बघितलं. पाय बेसच्या हातभर अलीकडे. आऊट. खिडकीतून सरळ मैदानाच्या कडेला आणून बसवलेली माझी आई म्हणाली, "पाय!" तिसरीला समोरच्या मुलीनं चार चेंडू नीट टाकलेच नाहीत, त्यामुळे तिला काही न करता पहिला बेस बहाल झाला. तिची आई शेजारी रडवेली झाली, "हिला खेळूच देत नाहीत हो." मी त्यांना समजावलं, की ही चांगली गोष्ट आहे. त्या म्हणाल्या, "दुसऱ्याच्या पोरीला चांगलीच वाटणार."

तरी मुली झुंजल्या. सातवा, म्हणजे शेवटचा डाव. आम्ही एका रननं मागे. एक आऊट. आमची कन्या तिसऱ्या बेसवर, घर साठ फुटांवर. एकदा घरी आली की बरोबरी. पुढच्या मुलीनं चेंडू उंच, खूप उंच उडवला. तीस वर्षांचं मार्गदर्शन माझ्या घशाशी आलं. मी उठून, पद विसरून, सगळ्या शहाद्याला ऐकू जाईल असा ओरडलो, "पळ! पळ! पळ!"

पोर बापाचं ऐकते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ती पळाली.

या खेळात चेंडू हवेत असताना बेस सोडायचा नसतो. झेल पकडेपर्यंत बेसला पाय लावून थांबायचं आणि मग पळायचं. तिकडे झेल पकडला गेला, चेंडू शांतपणे तिसऱ्या बेसवर आला, अंपायरनं मूठ वर केली आणि सामना संपला. आमची कन्या होम प्लेटवर उभी राहून माझ्याकडे बघत होती.

मैदानात शांतता. त्यात आईचा आवाज, "पाय टेकेल पाहिजे व्हता."

सर चालत माझ्याकडे आले. रागावले नाहीत, म्हणून जास्त लागलं. म्हणाले, "भाऊ, पुढल्या वर्षी तुम्ही पथारीतच थांबा." परतीच्या वाटेवर कन्या माझ्याशी प्रकाशापर्यंत बोलली नाही. पुलावर आल्यावर म्हणाली, "पप्पा, तो सातवा ठेचा संपवा." त्याला मी क्षमा समजलो.

तरी तीन संघांत दुसरे म्हणजे जिल्ह्यात द्वितीय. दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स. वर बारा मान्यवरांचे फोटो, खाली शुभेच्छुक म्हणून आणखी वीस, आणि एका कोपऱ्यात पासपोर्ट आकारात नऊ मुली, पैकी एकीच्या फक्त वेण्या. फ्लेक्सवाल्यानं सजावटीला नेटवरून ग्लोव्हचं चित्र घेतलं होतं ते बॉक्सिंगच्या ग्लोव्हचं. बायको म्हणाली, बदलून घ्या. मी म्हणालो, १८८७ च्या हिशेबानं ते बरोबर आहे.

फ्लेक्स लागल्यावर नातेवाइकांचे फोन सुरू झाले. मामांनी विचारलं, "किती गोलनी हरले?" काकांनी विचारलं, "आयपीएलमध्ये घेतात का यांना?" मी सांगितलं, की ऑलिंपिकमध्ये होता हा खेळ, २०२८ ला लॉस एंजेलिसला परत येतोय, आणि त्याच वेळी क्रिकेटही येतंय. काका म्हणाले, "मग क्रिकेटच बघू." शेजारचे गृहस्थ मात्र व्यवहारी. ही ऊन खात हिंडते, अभ्यासाचं काय, असं ते तीन महिने विचारत होते. त्यांना कुठून तरी कळलं की दहावी-बारावीला खेळाडूंना २५ पर्यंत सवलतीचे गुण मिळू शकतात आणि सरकारी नोकरीत पाच टक्के जागा राखीव असतात. ते रात्री साडेनऊला आपल्या मुलाला घेऊन आले. मुलगा अकरावीतला, चष्मा लावलेला, झोपेत.

"याला घ्या."

"खेळतो का?"

"खेळायचं काय त्यात? नऊ लागतात म्हणे. उभा राहील."

मी म्हटलं, मला अधिकार नाहीत, माझ्याकडे फक्त चेंडू खातं आहे. ते म्हणाले, मग चेंडू आणायला तरी घ्या. मी बायकोकडे बघितलं. माझ्या पदावर डोळा ठेवणारा माणूस आयुष्यात पहिल्यांदा भेटला होता. मी ठामपणे नकार दिला.

आता मुद्द्याची गोष्ट. जिल्हास्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी सरावात आमच्या कन्येनं मारलेला एक चेंडू पथारीत गेला. मी चपला काढून आत शिरलो, अंधार पडेपर्यंत चाचपडलो, नऊ वेळा शिंकलो, पण सापडला नाही. मालक म्हणाले, "मिरची उचलू तेव्हा निघेल. जातो कुठं?" परवा मिरची उचलली. पोती भरली, ट्रक गेले, जमीन मोकळी झाली. चेंडू नाही. म्हणजे तो मिरचीबरोबर गेला.

तेव्हा ज्यांच्या घरी यंदा नंदुरबारची मिरची आली असेल, त्यांनी कृपा करून डंकावर नेण्याआधी पोतं एकदा हलवून बघावं. रंग पिवळा, परीघ १२ इंच, शिवण लाल. हातानं झेलू नये. रजिस्टरवर सही माझी आहे.